एचए क्लस्टर एक्स्पोर्टर: दुसरा नोड तयार आहे की नुसताच चालू आहे, हे दाखवणारं साधन

फेलओव्हर क्लस्टरवर, म्हणजे एक सर्व्हर (नोड) पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून जोडलेल्या सर्व्हरांवर, नजर ठेवणारं कुठलंही साधन हाती आलं की मी आधी एकच गोष्ट तपासते. सर्व्हिस आत्ता चालू आहे एवढंच ते सांगतं, की याच मिनिटाला पहिला नोड पडला तर दुसरा भार उचलेल का, हेही सांगतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणारी साधनं पैशाला पासरी आहेत. पिंग लागतो, पोर्ट उघडा आहे, पान येतंय, की झालं हिरवं. दुसऱ्या प्रश्नाला हात घालणारी साधनं मोजकीच. क्लस्टर मात्र उभा करतात तो या दुसऱ्या प्रश्नासाठीच. दोन-दोन सर्व्हर, वेगळं हार्टबीट नेटवर्क (नोड एकमेकांना ‘जिवंत आहे’ असं कळवतात ते), फेन्सिंगची (गप्प झालेला नोड सक्तीने बंद करण्याची) जुळणी हा सगळा खटाटोप एका वाईट मिनिटासाठी असतो, आणि त्या मिनिटाची तयारी रोजच्या रोज कुणी तपासत नसेल तर तो खटाटोप वाया जातो.

मी डेटाबेस आणि फाइल सर्व्हरचे क्लस्टर सांभाळते. सगळे लिनक्सवर, पेसमेकर (कुठली सर्व्हिस कुठे चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (नोडांमधला संवाद सांभाळणारा) वापरून बांधलेले, बहुतेक दोन नोडचे. गेला बराच काळ त्यांच्यावर एचए (हाय अव्हेलेबिलिटी) क्लस्टर एक्स्पोर्टर, त्याचे आकडे गोळा करून नियम लावणारा प्रोमिथियस आणि अलर्ट पोचवणारा अलर्टमॅनेजर अशी जोडणी चालवते आहे. हा आढावा मुख्यतः त्या एक्स्पोर्टरचा आहे. बाकीच्या दोघांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, याच्याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही.

एक्स्पोर्टर क्लस्टरलॅब्जच्या छत्राखाली ओपन सोर्स म्हणून मिळतो. तो सुसेच्या मंडळींनी गो भाषेत लिहिला. क्लस्टरच्या प्रत्येक नोडवर तो बसवायचा, मग तो ९६६४ या पोर्टवर ऐकत राहतो. प्रोमिथियसने विचारणा केली की आपण हाताने चालवतो त्याच कमांड तो चालवतो: सीआरएम-मॉन, सीआयबी-अॅडमिन, कोरोसिंकची कोरमटूल आणि सीएफजीटूल, असलंच तर एसबीडी (शेअर्ड डिस्कमार्फत फेन्सिंग करणारं) आणि डीआरबीडी (दोन नोडांवर डिस्कची जुळी प्रत ठेवणारं). त्यांच्या उत्तरातून आकडे काढून तो पुढे करतो. स्वतः काहीच साठवून ठेवत नाही. ही रचना मला मनापासून आवडते, कारण दाखवलेल्या आकड्यावर शंका आली तर तीच कमांड नोडवर चालवून ताडून बघता येते. मधे कुठलाही गूढ हिशेब नाही.

याच्याआधी बहुतेक ठिकाणी काय चालतं, ते या कामातल्या प्रत्येकाने पाहिलंय. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) सीआरएम-मॉन ही क्लस्टरची अवस्था छापणारी कमांड चालवायची आणि त्यात ‘फेल्ड’ किंवा ‘ऑफलाइन’ शब्द सापडला की मेल पाठवायचा. नोड पडला की मेल येतो, हे खरं. पण नोड पडलाय हे तोवर फोन करून कुणीतरी सांगितलेलंच असतं. जे बिघाड आवाज न करता बसून राहतात, ते या मेलात येत नाहीत, आणि क्लस्टरचा घात करतात ते नेमके हेच.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण या साधनाची किंमत त्यातच कळते.

आमच्या एका डेटाबेस क्लस्टरमध्ये पॅचिंगनंतर राखीव नोड रीबूट झाला. वर येताना त्याला स्टोरेजची डिस्क दिसायला थोडा उशीर लागला. पेसमेकरने तेवढ्यात तिथली डेटाबेसची राखीव प्रत सुरू करायचा प्रयत्न केला, माउंटच नव्हता, सुरुवात फसली. थोड्या वेळाने डिस्क आली, माउंट झाला, नोड ‘ऑनलाइन’ दिसू लागला. मुख्य नोडवर डेटाबेस व्यवस्थित चालू होता. अॅप्लिकेशनला काही कळलं नाही, वापरणाऱ्यांना काही कळलं नाही, पिंगवाल्या मॉनिटरिंगला तर कळायचा प्रश्नच नव्हता.

पण आत एक गोष्ट घडून गेली होती. पेसमेकरमध्ये रिसोर्स (तो सांभाळतो ती सर्व्हिस, डिस्क किंवा आयपी) सुरू करतानाच फसला तर ते अपयश मुळातच जीवघेणं धरलं जातं. त्या नोडवरचा त्या रिसोर्सचा फेल-काउंट, म्हणजे अपयशांचा आकडा, थेट ‘इन्फिनिटी’ होतो, म्हणजे पेसमेकरच्या हिशेबात १०,००,०००. एकदा तो तिथे पोचला की क्लस्टर त्या नोडवर तो रिसोर्स पुन्हा सुरू करत नाही. शिवाय अपयशाची मुदत संपवणारी ‘फेल्युअर-टाइमआउट’ ही सेटिंग मुळात शून्य असते, म्हणजे अपयश कधीच शिळं होत नाही. कुणीतरी हाताने क्लीनअप करेपर्यंत (अपयशाची नोंद पुसेपर्यंत), किंवा तिथला पेसमेकर पुन्हा सुरू होईपर्यंत, तो नोड त्या डेटाबेससाठी बाद. थोडक्यात, क्लस्टर दोन नोडचा दिसत होता, पण डेटाबेसला जायला जागा एकच उरली होती. त्या अवस्थेत मुख्य नोड पडला असता, तर राखीव नोड धडधाकट चालू असूनही सर्व्हिस खाली आली असती.

सीआरएम-मॉनच्या छापील उत्तरात हे असतं. अगदी तळाशी, फसलेल्या कृतींच्या यादीत, एका ओळीत. वरच्या हिरव्या ओळी वाचून माणूस तिथवर जात नाही. एक्स्पोर्टर मात्र फेल-काउंट प्रत्येक नोड आणि प्रत्येक रिसोर्ससाठी वेगळा आकडा म्हणून देतो, आणि शेजारीच मायग्रेशन-थ्रेशोल्डही, म्हणजे किती अपयशांनंतर नोड बाद धरायचा ती मर्यादा, देतो. त्यावर मी दोन नियम लावलेत. फेल-काउंट शून्याच्या वर गेला की साधी सूचना, सकाळी बघितली तरी चालेल. थ्रेशोल्डला टेकला की गंभीर अलर्ट, मग सर्व्हिस कितीही छान चालू असो. त्या दिवशी वाजला तो दुसरा नियम. आमच्या टीममधला नवा मुलगा मला म्हणाला, “मॅडम, सगळं चालूच आहे की, अलर्ट चुकून आलाय का?” त्याच्याच हाताने मी फेल-काउंटची कमांड चालवून घेतली. स्क्रीनवर राखीव नोडच्या नावापुढे इन्फिनिटी बघितल्यावर त्याला जे समजलं, ते कुठल्या प्रशिक्षणात समजावता आलं नसतं. माउंटचा क्रम दुरुस्त केला, मग क्लीनअप केलं, आणि दुरुस्ती टिकते का हे बघायला राखीव नोड मुद्दाम पुन्हा रीबूट केला. क्लीनअप आधी आणि कारण नंतर असं कृपा करून करू नका. पुढच्या रीबूटला तोच आकडा परत तिथेच जाऊन बसतो.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे हाताने केलेल्या हलवाहलवीचे उरलेले नियम. देखभालीसाठी रिसोर्स एका नोडवरून दुसऱ्यावर हलवला की पेसमेकर त्यासाठी एक लोकेशन कन्स्ट्रेंट (रिसोर्स कुठल्या नोडवर जावा किंवा जाऊ नये हे सांगणारा नियम) लिहून ठेवतो. त्याचं नाव ‘सीएलआय-प्रेफर’ किंवा ‘सीएलआय-बॅन’ असं सुरू होतं. काम झाल्यावर तो पुसायचा असतो. नव्या पीसीएसमध्ये (क्लस्टर हाताळायच्या कमांडमध्ये) ‘मूव्ह’ केल्यावर तो आपोआप निघतो, पण ‘बॅन’चा राहतो, आणि जुन्या आवृत्त्यांवर चालणारे क्लस्टर आजही भरपूर आहेत. बॅन राहून गेला तर ज्या नोडवर तो आहे तिथे रिसोर्स जाऊच शकत नाही. एक्स्पोर्टर सगळे लोकेशन कन्स्ट्रेंट नाव, नोड, रिसोर्स आणि स्कोअरसकट दाखवतो. नाव ‘सीएलआय’ने सुरू होणारं काही तासांहून जास्त वेळ दिसलं तर अलर्ट, असा एका ओळीचा नियम पुरतो. मी या साधनाची शिफारस एकाच मेट्रिकवरून (एक्स्पोर्टरच्या एकाच आकड्यावरून) करायची ठरवली तर हेच निवडीन. दुसऱ्या कुठल्याच सर्वसाधारण मॉनिटरिंगमध्ये हे मला आयतं मिळालेलं नाही.

मेंटेनन्स मोडचंही तसंच. पॅचिंग करताना क्लस्टर मेंटेनन्समध्ये टाकतात, म्हणजे पेसमेकर रिसोर्सना हात लावत नाही आणि त्यांची नेहमीची तपासणीही थांबवतो. काम संपलं, सगळे खूश, मोड तसाच. सर्व्हिस चालते आहे, पण आता ती मेली तरी क्लस्टर बघत बसणार. एक्स्पोर्टरच्या रिसोर्सच्या मेट्रिकवर ‘मॅनेज्ड’ असं लेबल असतं. ते ‘फॉल्स’ होऊन देखभालीच्या ठरलेल्या खिडकीपेक्षा जास्त वेळ गेला की अलर्ट यायला हवा. इथे प्रोमिथियसच्या नियमातला ‘फॉर’ (अट किती वेळ टिकली तर अलर्ट द्यायचा) फार उपयोगी पडतो. चालू देखभालीत कुणाला त्रास नाही, राहून गेलेली देखभाल सुटत नाही.

आता कोरम, म्हणजे निर्णय घ्यायला पुरेशा नोडांची मतं हजर आहेत का याची मोजणी. इथे तयार मिळणाऱ्या अलर्ट-नियमांवर डोळे मिटून विसंबू नका, विशेषतः क्लस्टर दोन नोडचा असेल तर. कोरोसिंकमध्ये ‘टू-नोड’ सेटिंग लावली की एकाच मतावर कोरम धरला जातो, नाहीतर एक नोड पडताच दुसराही हातपाय गाळून बसेल. त्याचा परिणाम असा की ‘कोरेट’ (कोरम आहे की नाही) हा आकडा दोन नोड जिवंत असताना १ असतो, आणि एक नोड मेला तरी १ च राहतो. ‘कोरेट शून्य झाला तर कळवा’ हा नियम तीन किंवा पाच नोडच्या क्लस्टरला ठीक, दोन नोडच्या क्लस्टरला तो काहीच सांगत नाही. त्याऐवजी अपेक्षित मतं आणि प्रत्यक्ष मतं यांची तुलना करा. एक्स्पोर्टर दोन्ही देतो. प्रत्यक्ष मतं कमी भरली की लगेच कळवायचं, वाट बघायची नाही.

नोडांना जोडणाऱ्या रिंग किंवा लिंकबद्दल थोडक्यात. कोरोसिंक ३ मध्ये क्रोनोसनेट या नेटवर्क-थरामुळे नोडांमध्ये आठपर्यंत लिंक ठेवता येतात. बहुतेक लोक दोन ठेवतात. त्यातली एक तुटली तर काहीच होत नाही, दुसरीवरून काम चालू राहतं, आणि ते बरोबरच आहे. पण तुटलेली लिंक कुणाला दिसली नाही तर पुढच्या वेळी स्विचचं साधं फर्मवेअर अपडेटसुद्धा दोन नोडांची ताटातूट करतं. रिंगमधल्या बिघाडांचा आकडा शून्याच्या वर गेला की नेटवर्कवाल्यांना तिकीट जायलाच हवं.

फेन्सिंगवर मी जास्त वेळ घालवते, कारण क्लस्टरचा सगळा भरवसा त्यावर आहे. एक नोड गप्प झाला तर दुसऱ्याने तो खरंच बंद पडलाय याची खात्री केल्याशिवाय डेटा हातात घेता कामा नये, नाहीतर दोघेही एकाच डिस्कवर लिहितील. ही खात्री म्हणजे स्टोनिथ. फेन्सिंग फसलं तर पेसमेकर पुढे जात नाही. गप्प झालेला नोड ‘अनक्लीन’ राहतो आणि त्याच्यावरची सर्व्हिस कुणीच उचलत नाही. एक्स्पोर्टर स्टोनिथ चालू आहे की बंद हे वेगळ्या मेट्रिकमध्ये देतो. कुणी चाचणीसाठी ते बंद करून ठेवलं असेल तर तेही लपत नाही. आयपीएमआयवरून (सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवरून) फेन्सिंग असेल तर स्टोनिथच्या रिसोर्सला मॉनिटर ऑपरेशन (ठरावीक वेळाने होणारी तपासणी) लावलेलं आहे ना, हे आधी बघा. ते असेल तर सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टचा पासवर्ड कुणी बदलला किंवा केबल निघाली की तो रिसोर्स फसलेला दिसतो आणि एक्स्पोर्टरमार्फत कळतं. ते नसेल तर एक्स्पोर्टर तरी काय करणार, पेसमेकरलाच माहीत नाही.

एसबीडी वापरणाऱ्यांसाठी इथे खरी मेजवानी आहे. शेअर्ड डिस्कवरची प्रत्येक एसबीडी जागा सुस्थितीत आहे की नाही हे तर तो सांगतोच, पण तिच्यावर लिहिलेले टाइमआउटही आकड्यांत देतो. एसबीडी मुळात वॉचडॉगला (नोड अडकला तर त्याला रीबूट करणाऱ्या टायमरला) ५ सेकंद आणि मेसेज-वेटला (फेन्सिंगचा निरोप पोचला असं धरायला थांबण्याच्या वेळेला) १० सेकंद देतं. दुसरा पहिल्याच्या निदान दुप्पट असावा, आणि पेसमेकरचा स्टोनिथ-टाइमआउट त्याहून मोठा असावा. मल्टिपाथवरच्या (अनेक मार्गांनी जोडलेल्या) स्टोरेजमध्ये मार्ग बदलायला वेळ लागतो म्हणून वॉचडॉग वाढवला जातो आणि मेसेज-वेट वाढवायचं राहून जातं, असं होतं. हे गणित प्रोमिथियसच्या नियमात घालून ठेवलं की नव्या उभारलेल्या क्लस्टरची चूक पहिल्याच दिवशी समोर येते. सेटिंग तपासायला कुणाचे डोळे लागत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

डीआरबीडीचं मेट्रिक वापरणार असाल तर एक सावधगिरी. स्प्लिट-ब्रेन (दोन्ही बाजू स्वतंत्रपणे लिहू लागणं) दाखवणारं मेट्रिक आपोआप चालत नाही. डीआरबीडीच्या सेटिंगमध्ये स्वतःचा स्प्लिट-ब्रेन हँडलर जोडावा लागतो, तो घटना घडली की एक फाइल तयार करतो, आणि एक्स्पोर्टर ती फाइल बघतो. हँडलर नाही तर मेट्रिक कायम गप्प. डॅशबोर्डवर तो चौकोन हिरवा बघून निश्चिंत होऊ नका, आधी हँडलर तपासा.

एक नियम मात्र मला कुठे तयार मिळाला नाही, तो मी स्वतः लिहिला आणि तो माझा आवडता आहे. पेसमेकरमध्ये एक नोड ‘डीसी’ असतो, म्हणजे निर्णय घेणारा. नोडांची ताटातूट झाली तर प्रत्येक बाजू आपापला डीसी निवडते. एक्स्पोर्टर प्रत्येक नोडवर वेगळा बसलेला असल्यामुळे प्रत्येकाच्या नजरेतून डीसी कोण हे प्रोमिथियसकडे जमा होतं. एकाच क्लस्टरमधल्या दोन एक्स्पोर्टरांनी दोन वेगळी नावं सांगितली, तर तो क्लस्टर फुटलेला आहे. नोडवर बसून हे दिसत नाही, कारण तिथून बघताना आपली बाजू नेहमी शहाणीच वाटते. दोन्हींकडे एकदम बघणारा बाहेरचा कुणीतरी लागतो, आणि या रचनेत तो आयता मिळतो.

आता उणिवा, त्याही नीट सांगायला हव्यात.

सगळ्यात मोठी मर्यादा ही की एक्स्पोर्टर पेसमेकरवर विश्वास ठेवतो आणि पेसमेकर रिसोर्स एजंटवर, म्हणजे रिसोर्स सुरू-बंद करणाऱ्या आणि तपासणाऱ्या स्क्रिप्टवर. फाइलसिस्टमचा एजंट मुळात फक्त माउंट आहे का एवढंच बघतो. तपासणीची पातळी १० केली तर तो डिस्कवरून वाचून बघतो, २० केली तर लिहूनही बघतो. मुळातल्या पातळीवर ठेवलेल्या क्लस्टरमध्ये डिस्क लटकली, वाचन थांबलं, तरी पेसमेकर काही काळ ‘चालू’ म्हणत राहतो, आणि एक्स्पोर्टर इमानदारीने तेच पुढे सांगतो. म्हणून मी याच्या जोडीला ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर ठेवते, तो बाहेरून व्हर्च्युअल आयपीवर धडक मारतो, आणि डेटाबेसला एक खरी क्वेरी विचारणारी छोटी स्क्रिप्टही ठेवते. रेप्लिकेशन (राखीव नोडवर पोचणारी डेटाची प्रत) किती मागे पडलंय हेही एक्स्पोर्टरच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी डेटाबेसचा वेगळा एक्स्पोर्टर लागतोच. राखीव नोड तयार आहे पण त्याच्याकडे तासाभरापूर्वीचा डेटा आहे, ही तयारी काही कामाची नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. कोरोसिंकचं टोकन (नोडांमध्ये फिरणारा हजेरीचा निरोप) हरवल्याचा निकाल काही सेकंदांत लागतो. कोरोसिंक ३.१ पासून मूळ मुदत ३००० मिलिसेकंद आहे, त्याआधी १००० होती. प्रोमिथियसची मूळ विचारणा मिनिटाला एकदा होते. ती पंधरा सेकंदांवर आणली तरी दोन विचारण्यांच्या मधे क्लस्टर तुटून जुळलेला असू शकतो. क्षणाक्षणाची हकिगत हवी असेल तर लॉग लागतात, किंवा पेसमेकरचे स्वतःचे अलर्ट एजंट लागतात, जे घटना घडताक्षणी स्क्रिप्ट चालवतात. मी दोन्ही ठेवते. काय झालं ते पेसमेकर सांगतो, आता काय स्थिती उरली आहे ते एक्स्पोर्टर सांगतो.

तिसरी गोष्ट जपून हाताळायची आहे. क्लस्टर खरोखरच अडचणीत असताना सीआरएम-मॉन उत्तर द्यायला वेळ लावू शकतं. प्रोमिथियसची मूळ थांबण्याची मर्यादा १० सेकंद. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर आकडेच येत नाहीत, आणि आकडे नसले की ‘आकडा शून्याहून मोठा असेल तर’ असे सगळे नियम शांत बसतात. ज्या घडीला बोलायला हवं त्याच घडीला सगळं गप्प. एक्स्पोर्टर प्रत्येक विभागाची विचारणा यशस्वी झाली का आणि तिला किती वेळ लागला, हेही मेट्रिक म्हणून देतो. त्यावर नियम लावल्याशिवाय ही जोडणी अपुरी आहे असंच मी म्हणेन. त्याबरोबर एक्स्पोर्टर स्वतः उत्तर देतोय का याचाही अलर्ट लावा. नोड फेन्स झाला की त्याच्यावरचा एक्स्पोर्टरही जातो, आणि मग जिवंत नोडवरचाच काय तो साक्षीदार उरतो.

अलर्टांची दुप्पट हा त्रास पहिल्या दिवसापासून जाणवतो. क्लस्टर एकच, पण त्याची अवस्था सांगणारे नोड दोन, म्हणजे प्रत्येक अलर्ट दोनदा. अलर्टमॅनेजरमध्ये क्लस्टरच्या नावावर गट करा आणि नियमातच नोडनिहाय दुपटी गुंडाळून टाका. रात्री अडीचला फोन दोनदा वाजला की तिसऱ्या वेळी माणूस उचलत नाही.

बसवणं सोपं आहे. सुसे आणि ओपनसुसेवर पॅकेज मिळतं, इतरत्र एक बायनरी ठेवून सिस्टमडीची सर्व्हिस लिहायची. तो रूटच्या अधिकारात चालतो, आणि पोर्ट मुळात कुणालाही उघडा असतो. नोडांची नावं, पत्ते, रिसोर्सची नावं असं सगळं त्यावर दिसतं, म्हणून फायरवॉलमध्ये फक्त प्रोमिथियसच्या सर्व्हरला वाट द्या. नव्या आवृत्त्यांत टीएलएस आणि पासवर्डची सोय आहे, ती वापरा. ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनासाठी तयार डॅशबोर्ड मिळतात आणि ते नेटके आहेत. त्यात मी एकच भर घातली. क्लस्टरची सेटिंग शेवटची कधी बदलली हे एक्स्पोर्टर सांगतो, ती वेळ सगळ्या आलेखांवर उभी रेघ म्हणून काढते. फेल-काउंट वाढायला लागला त्याच्या आधी दहा मिनिटांवर ती रेघ दिसली की शोध कुठून सुरू करायचा हे विचारावं लागत नाही.

प्रोमिथियस आणि अलर्टमॅनेजर ज्या क्लस्टरवर नजर ठेवतात त्याच्यावरच चालवू नका, त्याच्या स्टोरेजवरही नको. शिवाय कायम वाजत राहणारा एक अलर्ट बाहेरच्या एखाद्या सेवेकडे पाठवत राहा. तो थांबला की बाहेरून कळेल की पहारेकरीच पडलाय.

विंडोजचे फेलओव्हर क्लस्टर असतील तर हा एक्स्पोर्टर तुमच्या कामाचा नाही. तिथे विंडोज एक्स्पोर्टरमध्ये क्लस्टरचे वेगळे विभाग आहेत, आणि नोड क्लस्टरमधून काढला गेल्याची ११३५ आणि कोरम गेल्याची ११७७ या इव्हेंट-नोंदींवर नजर ठेवावीच लागते. तिथेही विचारायचा प्रश्न हाच. विटनेस (कोरमचं जादा मत) जागेवर आहे का, राखीव नोडला रिसोर्स घ्यायची परवानगी आहे का, हे कोण रोज बघतंय?

पेसमेकरचा क्लस्टर असलेल्या आणि प्रोमिथियस आधीच चालवणाऱ्या प्रत्येक टीमने हा एक्स्पोर्टर बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोमिथियस नसेल आणि क्लस्टर एकच असेल तर एवढा पसारा मांडण्याआधी पेसमेकरचे अलर्ट एजंट लावा आणि फेल-काउंट, सीएलआय कन्स्ट्रेंट, मेंटेनन्स मोड आणि मतांची संख्या तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. निम्मं काम तिथेच होतं. आणि बसवल्यावर पेसमेकर किंवा कोरोसिंकची आवृत्ती वाढवाल तेव्हा, एक्स्पोर्टर ज्या कमांडचं उत्तर वाचतो तिच्या छपाईचा साचा बदललेला असू शकतो. अपग्रेडच्या यादीत एक ओळ घालून ठेवा: रिंग, मतं आणि फेल-काउंट ही तिन्ही मेट्रिक्स दोन्ही नोडांवरून अजून येताहेत का ते बघणे.